अतिदक्षतेची रात्रपाळी

शब्दांचेही माणसांसारखेच नशीब असते. 'परिचारिका' हा शब्द कोशात आहे, शासकीय परिपत्रकांत आहे, सत्काराच्या मानपत्रांतही आहे. परंतु रुग्णालयातील खाटेवरून आजवर कोणी 'अहो परिचारिका' अशी हाक मारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तेथे हाक असते ती 'सिस्टर' हीच. माळव्यातील खेड्यापाड्यांतून इंदुरास येणारे नातलग 'दीदी' म्हणतात, आणि या पेशात आता बऱ्याच संख्येने आलेल्या तरुणांना सगळेच 'ब्रदर' म्हणतात. केंद्र शासनाने २०१६ मध्ये 'स्टाफ नर्स' हे पदनाम बदलून 'नर्सिंग ऑफिसर' असे केले. माझी सारी उमेद 'ऑफिसर' म्हणवून घेण्यातच गेलेली असल्याने पदनाम बदलल्याने टेबलावरील फायलींचा ढीग तसूभरही कमी होत नाही, हे मला ठाऊक आहे. खाटेवरचा माणूस आजही 'सिस्टर'च म्हणतो. बहिणीकडून जी सेवा हक्काने घ्यावी ती आपण घेतो. बहिणीची जी विचारपूस करावी ती मात्र सहसा करीत नाही.

दुसरा शब्द 'अतिदक्षता विभाग'. हा मराठी प्रतिशब्द ज्याने कोणी घडविला त्याला दाद दिली पाहिजे. इंग्रजी नावात शुश्रूषा अभिप्रेत आहे. आपण तेथे दक्षता घातली, आणि तीही 'अति'. दक्षता म्हटली की कोणी तरी जागे असावे लागते. यंत्र चालू असते. जागे असते ते माणूसच. हा जागा राहणारा माणूस कोण, याचा विचार करण्याचा प्रसंग २०२२ च्या पावसाळ्यात माझ्यावर आला.

माझे थोरले बंधू, आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू, त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. न्यूमोनियाचे निमित्त झाले, संसर्ग रक्तात गेला आणि शहरातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात त्यांना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. पुतण्या परदेशी, तो येऊन पोहोचेपर्यंत आणि पोहोचल्यावरही दिवस त्याच्याकडे व रात्री माझ्याकडे, अशी वाटणी झाली. निवृत्त माणसाला रात्रीचे काय काम असते! अशा सतरा रात्री मी त्या काचेच्या दाराबाहेरील बाकावर काढल्या. रात्रीतून दोनदा मला आत सोडीत. पुढे ओळख झाल्यावर वेळेचा हिशेब फारसा कोणी ठेवला नाही.

आयुष्यभर कर्मचाऱ्यांचे काम तपासण्याची सवय. त्यामुळे असेल, प्रथम घाबरलेल्या नातलगाच्या आणि हळूहळू जुन्या अधिकाऱ्याच्या नजरेने मी ते काम पाहू लागलो. तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास, रक्तातील प्राणवायू आणि पिशवीत जमलेले मूत्र यांची नोंद. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे; कारण निपचित पडलेल्या देहाला शय्याव्रण होण्यास फार काळ लागत नाही, आणि भरून यायला महिने लागतात. श्वासनलिकेतील नळीत साठणारा कफ यंत्राने ओढून काढणे. तोंड पुसणे, उघडे राहिलेले डोळे कोरडे पडू नयेत म्हणून त्यांत थेंब घालणे, नाकातील नळीतून अन्न देणे, चार-पाच औषधांच्या पंपांची गती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे कमीजास्त करणे. प्रत्येक खाटेकडे जाताना आणि तेथून परतताना हात निर्जंतुक करणे. आणि हे सारे चालू असताना दहा दिशांनी वाजणारे मॉनिटरांचे गजर. त्यांतले बहुतेक निरर्थक असतात. रुग्णाने हात हलविला, तार सुटली, की यंत्र ओरडते. निरर्थक गजरांच्या गर्दीतून खरा गजर ओळखणारा कान ही त्या मुलींची खरी विद्या. बाकावर बसून पंधरा दिवसांत मलाही दोन-तीन आवाज ओळखू येऊ लागले होते. पण मला चुकण्याची मुभा होती, त्यांना ती नव्हती.

दादांच्या खाटेकडे बहुतेक रात्री जी सिस्टर असे ती मूळची केरळची. इंदुरात येऊन तिला सहा वर्षे झाली होती. तिच्या जोडीची मुलगी अलीराजपूरकडील भिलाला समाजातील, घरातली पहिली शिकलेली. दोघींचे हिंदी वेगवेगळ्या चालीचे, पण एक रीत समान होती. रुग्ण बेशुद्ध असला तरी हात लावण्यापूर्वी त्या त्याला सांगत : "दादाजी, अब करवट बदल रहे हैं।" "दादाजी, ज़रा तकलीफ़ होगी, कफ निकालना है।" मी एकदा विचारले, "यांना ऐकू येते का?" ती म्हणाली, "पता नहीं अंकल। पर हमको सिखाया है कि आता है, ऐसा मानकर चलना।" प्रशासनाच्या इतक्या वर्षांत 'समोरच्याला कळते असे मानून वागावे' हा नियम इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितला नव्हता.

सहाव्या-सातव्या रात्री गुंगीचे औषध कमी करून पाहिले तेव्हा दादा अस्वस्थ झाले. नळ्या ओढू लागले. हिंदीतील सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचेनात. जन्म इंदूरचा, नोकरी इंदूरची, शुद्धीत असताना हिंदी मातृभाषेसारखे बोलणारा हा माणूस. पण त्या धूसर अवस्थेत उरली होती ती केवळ लहानपणची भाषा. मी आत जाऊन "दादा, हात सोडा, मी इथेच आहे" म्हटल्याबरोबर मूठ सैल झाली. सिस्टरने ते पाहिले. बाहेर येऊन तिने माझ्यापुढे कागद धरला आणि म्हणाली, "अंकल, मराठी में चार-पाँच लाइन लिख दीजिए, मैं पढ़ लूँगी।" मी लिहून दिले : दादा, डोळे उघडा. घाबरू नका. माझा हात दाबा. खोका. नळी ओढू नका. आता झोपा. तिने तो कागद खाटेच्या डोक्याशी चिकटविला. त्या रात्री मल्याळी वळणाची मराठी मी काचेपलीकडून पाहिली. ऐकू येत नव्हती, ओठांवरून कळत होती.

आता थोडा हिशेब मांडतो. माझ्यासारख्या माणसाला तो मांडल्याशिवाय राहवत नाही. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका खाटेमागे एक परिचारिका असावी, आणि रजांसाठी वर तीस टक्के पदे राखीव असावीत, असे भारतीय परिचर्या परिषदेचे मानक आहे. बारा खाटांचा विभाग धरला तर तीन पाळ्यांच्या छत्तीस, आणि तीस टक्के राखीव धरून सत्तेचाळीस परिचारिका हव्यात. आस्थापनेच्या फायली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. 'स्वीकृत', 'भरलेली' आणि 'रिक्त' अशा तीन स्तंभांत माणसे मांडली की तिसरा स्तंभ कोणाच्याच डोळ्यांत खुपत नाही. आणि रजा-राखीव ही कल्पना तर काटकसरीची पहिली बळी. मी ज्या विभागाबाहेर बसलो होतो तेथे बारा खाटांसाठी रात्री चार जणी असत. म्हणजे एकीकडे तीन रुग्ण. तिघांपैकी दोघे श्वसनयंत्रावर असले आणि दोघांचेही गजर एकदम वाजले, तर आधी कोणाकडे धावायचे, हा निर्णय बावीस-चोवीस वर्षांच्या मुलीने क्षणार्धात घ्यायचा. शिवाय रात्रपाळी इतर पाळ्यांप्रमाणे सहा तासांची नसून रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची. बदली आली नाही की तीच मुलगी पुढच्या पाळीलाही उभी. अशी दुहेरी पाळी मी त्या सतरा दिवसांत तीनदा पाहिली.

या विभागांचा इतिहास फार जुना नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास घेण्याचे स्नायूच लुळे पडलेल्या रुग्णांच्या गळ्यात नळी घालून रबरी पिशवीने हाताने श्वास द्यावा, असे ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचविले. पुरेशी यंत्रे नव्हती. तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्यापाळ्यांनी रुग्णांशेजारी बसून महिनोन् महिने पिशव्या दाबीत राहिले. साथ सरल्यावर १९५३ मध्ये इब्सेन यांनी गंभीर रुग्णांसाठी जो स्वतंत्र विभाग उभारला, तो जगातील पहिल्या अतिदक्षता विभागांपैकी एक मानला जातो. म्हणजे यंत्राच्याही आधी, रुग्णाशेजारी सतत कोणी तरी बसलेले असणे, हाच या शास्त्राचा पाया आहे. पुढे यंत्रे आली, चांगली आली. पण यंत्र घेताना आपण असे समजून चाललो की शेजारी बसणारा माणूस आता कमी केला तरी चालेल.

आपल्या घरांकडे वळू. आपले पूर्वज होळकरांच्या पदरी आले. कोणी कारकुनी केली, कोणी शिक्षकी, कोणी वैद्यकी. मुली शिक्षिका झाल्या, पुढे डॉक्टर झाल्या. परंतु 'नर्स' म्हटले की पन्नास वर्षांपूर्वी रामबागेतल्या ओसरीवर आवाज खाली येत असे. परक्या पुरुषाच्या देहाला हात लावणे, रात्री घराबाहेर राहणे, मलमूत्र काढणे, ही तीन कारणे उघड बोलली जात. वास्तविक याच समाजातील रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यास सेवासदनाची धुरा घेतली आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, परिचर्येचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली. त्याही आधी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. या दोघींच्या तसबिरींना आपण हार घालतो. त्यांनी दाखविलेल्या वाटेवर मात्र आपल्यापैकी फार थोड्या घरांतील मुली गेल्या. ती वाट केरळच्या, झाबुआ-अलीराजपूरच्या, धार-खरगोनच्या मुलींनी चालून काढली, आणि आज आपल्या म्हातारपणाचा भार त्यांच्याच खांद्यावर आहे.

परिचर्या म्हणजे काय, याचे आपल्या काळातील सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात घडले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तेथील परिचारिकेवर रुग्णालयाच्याच आवारात एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने त्या कायमच्या अचेतनावस्थेत गेल्या. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, के. ई. एम.च्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ज्या मुलींनी अरुणाताईंना चालता-बोलताना कधी पाहिले नव्हते, त्यांनीही. त्यांना अन्यत्र हलविण्याचा विचार पालिकेने केला तेव्हा परिचारिकांनीच विरोध केला. दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला, तेव्हा अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार के. ई. एम.च्या कर्मचारीवर्गाचा आहे, असे मानून न्यायालयाने ती याचिका फेटाळली. त्या निकालाची चर्चा दयामरणाच्या अंगाने पुष्कळ झाली. मला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : चार दशके कूस बदलत राहण्याने एक नाते सिद्ध होते, आणि ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. आणि तिसरी गोष्ट विसरू नये : हल्ला झाला तो कामाच्या जागीच. परिचारिकेची सुरक्षितता हा प्रश्न १९७३ मध्ये जितका जिवंत होता तितकाच आजही आहे.

आपल्या इंदूरचेच पाहा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे होत होती म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका व सुईणींचे वर्ष जाहीर केले, आणि त्याच वर्षी कोविड आला. साथीच्या पहिल्या आठवड्यांतच आपले शहर देशातील सर्वाधिक झळ पोहोचलेल्या शहरांत गणले गेले. १ एप्रिल २०२० रोजी टाटपट्टी बाखलेत आरोग्य पथकावर दगड फेकले गेले, आणि त्याच शहराने सज्जांत उभे राहून टाळ्याही वाजविल्या. दगड थांबले, टाळ्याही थांबल्या. पाळ्या तेवढ्या चालू राहिल्या.

२०२५ च्या ऑगस्टअखेर महाराजा यशवंतराव रुग्णालयात, आपल्या 'एम. वाय.'मध्ये, नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले आणि नंतर ती दोन्ही बाळे दगावली. साऱ्या शहराची मान खाली गेली. सुरुवातीच्या कारवाईत दोन नर्सिंग ऑफिसर निलंबित झाल्या. कीटकनियंत्रणाच्या कंत्राटदारास दंड झाला. पुढे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि झळ वरिष्ठांपर्यंतही गेली. हयगय झाली असेल तर शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण एवढे मी अनुभवाने सांगू शकतो की, जबाबदारी ही पाण्यासारखी असते. तिला उताराकडे जाण्याची खोड असते. इमारतीची भगदाडे बुजविणे, कंत्राटदाराचे काम तपासणे आणि खाटांच्या प्रमाणात माणसे देणे ही कामे रात्रपाळीच्या मुलीच्या हातातली नसतात. चौकशीच्या कागदात मात्र तिचे नाव पहिले येते, कारण घटनास्थळी हजर अशी तीच असते.

या मुलींच्या स्वास्थ्याविषयी बोलायचे तर आरंभ पगारापासून करावा लागेल. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत वेतन राज्य शासनाच्या परिचारिकांएवढे असावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते दरमहा वीस हजारांपेक्षा कमी नसावे. शिफारस आणि अंमलबजावणी यांतील अंतर आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरी व्यथा शिक्षणाची. आपल्या राज्यात नर्सिंग महाविद्यालयांचा जो गैरव्यवहार उघडकीस आला, त्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीनशेहून अधिक महाविद्यालयांची तपासणी सी. बी. आय.कडे गेली, आणि मे २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्यांपैकीच काही जण लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले. यात वर्षानुवर्षे परीक्षा रखडल्या त्या शेतमजुरांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या मुलींच्या. त्यांची वये वाढली, कर्जे वाढली. आणि रिक्त पदांचा तिसरा स्तंभ तसाच राहिला.

शरीराचा हिशेब वेगळाच. कंबर जाते, पायांच्या शिरा फुगतात, रात्र-दिवस उलटसुलट झाल्याने झोप उडते, जेवणाला वेळ राहत नाही. मनाची झीज दिसत नाही. सततच्या कामाच्या ताणातून येणाऱ्या या पोखरलेपणाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या रोगवर्गीकरणात केली आहे. रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या जागेतून उद्भवणारी स्थिती म्हणून. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. दोष मुलीच्या मनोबलात नाही, पाळीच्या तक्त्यात आहे, हे त्यातून सूचित होते.

ही झीज कशी होते ते मी सतराव्या रात्री पाहिले. पहाटे तीनच्या सुमारास दादांचे हृदय थांबले. अर्धा तास डॉक्टरांनी आणि त्या दोघींनी आळीपाळीने छाती दाबली. मग डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले. मला आत बोलावले तेव्हा केरळची सिस्टर नळ्या काढीत होती, आणि तशा स्थितीतही म्हणत होती, "दादाजी, अब सब निकाल रहे हैं।" तिने त्यांचा चेहरा ओल्या कापडाने पुसला, केस मागे सारले, हनुवटीखाली पट्टी बांधली. दादांना टापटीप फार प्रिय होती. हे तिला कोणी सांगितले नव्हते. नंतर ती पडद्यामागे गेली. मोजून दोन मिनिटे गेली असतील. बाहेर आली ती तोंड धुऊन. तोपर्यंत खाली रुग्णवाहिकेतून दुसरा रुग्ण आला होता आणि त्याला हीच खाट मिळणार होती. सुतकाचे दहा-तेरा दिवस आपण पाळतो. तिच्या वाट्याला दोन मिनिटे आली. वर्षातून अशा किती वेळा, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

सामान आवरताना मी खाटेच्या डोक्याशी लावलेला मराठी कागद काढू लागलो. ती म्हणाली, "अंकल, वो रहने दीजिए। यहाँ मराठी लोग आते रहते हैं।"

मी मूळचा कामकाजी माणूस. लेखाचा शेवटही टिपणीसारखाच करतो. आपल्या सभासदांत बहुतेक जण साठीच्या पलीकडचे आहेत, आणि यांपैकी अनेकांना एक ना एक दिवस त्या काचेच्या दाराआड जावे लागणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. तेव्हा तीन गोष्टी सुचवितो. पहिली, आपल्या मंडळाने मोठ्या, ठसठशीत अक्षरांत अशी मराठी वाक्यांची एक तक्ती छापून शहरातील अतिदक्षता विभागांना द्यावी. खर्च अगदी थोडा आहे आणि पहिल्या शंभर प्रतींचा मी सोसेन. दुसरी, येत्या १२ मे रोजी, परिचारिका दिनी, हार-तुऱ्यांचा समारंभ न करता चार परिचारिकांना बोलावून त्यांचे ऐकावे. प्रश्न विचारावेत, भाषणे करू नयेत. वेळ त्यांच्या पाळीप्रमाणे ठरवावी, आपल्या चहाप्रमाणे नव्हे. तिसरी गोष्ट प्रत्येकाने आपल्या घरी करावयाची. नातलग आत असताना जीव टांगणीला लागलेला असतो, आवाज चढतो. मी तो काचेबाहेर अनेकदा चढलेला ऐकला आहे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींच्या संरक्षणासाठी आपल्या राज्यात २००८ पासून कायदा आहे, पण घरातील वडीलधाऱ्याने 'आवाज खाली घे' म्हटले तर कायद्यापर्यंत जाण्याची वेळ येत नाही. आणि रुग्णालय निवडताना खोल्या, लिफ्ट आणि यंत्रे यांची चौकशी आपण करतोच; त्याबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : रात्री किती खाटांमागे किती सिस्टर असतात? हा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक वाढले, तर परिचर्या परिषदेच्या मानकाला जे बळ कागदावर मिळाले नाही ते कदाचित हिशेबाच्या वहीत मिळेल.

तक्तीचा मसुदा मी तयार करून ठेवला आहे. दादांसाठी लिहिलेल्या सहा वाक्यांत आणखी दोनांची भर घातली आहे : 'तुमची माणसे बाहेर बसली आहेत', आणि 'मी सिस्टर, इथेच आहे'. सभासदांनी आणखी काही सुचवावे.